इंजिन उतरविण्याची विद्या
जर्मनीतील घरगुती गॅरेजांत चालणाऱ्या एका कामाविषयी

मोटारगाडी चालविणारे पुष्कळ असतात, तिचे झाकण उघडून आत डोकावणारे थोडे असतात, आणि तिचे इंजिन घरच्या जागेत खाली उतरवून, सुटे करून, पुन्हा जोडणारे तर अगदीच विरळा. जर्मनीत मात्र अशी हौशी मंडळी गावोगाव आढळतात. १९९७ साली त्या देशात ठरावीक महिन्यांपुरत्या नोंदणीची पाटी मिळू लागली. तेव्हापासून जुनी स्पोर्ट्‌स मोटार उन्हाळ्यात रस्त्यावर आणि हिवाळ्यात गॅरेजात, अशी वहिवाट अनेक घरांत पडली आहे. हिवाळ्याचे हे चार-पाच महिने म्हणजेच इंजिन खोलण्याचा हंगाम होय.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी मुंबईत रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या यंत्रशाळांत उमेदीची वर्षे घालविली, आणि इस्राएलात आल्यावरही अनेकांच्या हाती पुन्हा पाना आणि हातोडीच आली. आज इस्राएलातील पुष्कळ तरुण शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत राहतात. त्यांच्यापैकी ज्यांना हत्यारांची ओढ आहे, त्यांच्या कानी आणि त्यांच्या आईवडिलांच्याही कानी चार गोष्टी घालाव्यात, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत. उदाहरणादाखल आम्ही पोर्शे ९११ ही गाडी घेतली आहे. घरी इंजिन उतरविण्याचा विषय निघाला की जर्मनीत बहुधा हेच नाव प्रथम पुढे येते.

मागे बसविलेले इंजिन

ही गाडी सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे १९६४ साली तिचे नामकरण ९११ असे झाले. १९९१ घनसेंटिमीटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे, १३० अश्वशक्तीचे ते पहिले इंजिन होते. तीन सिलिंडर डावीकडे व तीन उजवीकडे आडवे पहुडलेले, पाण्याऐवजी पंख्याच्या वाऱ्याने आणि तेलाने थंड होणारे, आणि मागच्या आसाच्याही मागे बसविलेले. पुढे इंजिनाचे आकारमान व शक्ती वाढत गेली. पण वाऱ्याने थंड होण्याची ही पद्धत १९९८पर्यंत टिकली.

मुंबईच्या गल्लीतील गॅरेजात इंजिन काढताना आपण पाहिले असेल. तुळईला साखळी-कप्पी टांगायची आणि इंजिन वर ओढून घ्यायचे, ही तेथील रीत. येथे प्रकार उलट आहे. इंजिन खालच्या बाजूने निघते. म्हणून गाडीच उचलावी लागते. ‘इंजिन उतरविणे’ हा आपला मराठी शब्दप्रयोग या गाडीला अक्षरशः लागू पडतो. पाण्याची टाकी नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, आणि इंजिन व गिअरबॉक्स मिळून सारा भार अखेर चार बोल्टांवर टांगलेला. या रचनेमुळेच हे काम घरगुती माणसाच्या आटोक्यात येते.

या रचनेच्या इतिहासात आपल्या यहुदी बांधवांची नावे आहेत, आणि ती वाचकांना ठाऊक असावीत असे आम्हांस वाटते. व्हिएन्नात जन्मलेल्या एडमंड रुम्प्लर यांनी १९२१ साली बर्लिनमध्ये थेंबाच्या आकाराची एक गाडी दाखविली. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते. त्या कल्पनेवरून बेंझ कंपनीने शर्यतीची गाडी तयार केली, आणि ती चालविणाऱ्यांत फोर्त्सहाइम गावचे आडोल्फ रोझेनबेर्गर हे एक होते. हेच रोझेनबेर्गर १९३१ साली स्टुटगार्ट येथे स्थापन झालेल्या पोर्शे कंपनीचे तिघांपैकी एक संस्थापक. फर्डिनांड पोर्शे आणि त्यांचे जावई आंटोन पिएख यांच्या बरोबरीने त्यांचा दहा टक्के वाटा होता. कंपनी उभी राहताना पैशाची जुळवाजुळव करण्यात त्यांचा हात मोठा होता. दुसरे अभियंते योझेफ गांत्स. ‘मोटर-क्रिटिक’ या नियतकालिकातून त्यांनी मागे इंजिन असलेल्या, हलक्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या मोटारीचा पाठपुरावा केला, आणि १९३१ साली तशी नमुन्याची गाडीही बांधून दाखविली.

१९३३नंतर काय झाले, ते आपणांस सांगावयास नको. गांत्स यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांना देश सोडावा लागला. रोझेनबेर्गर यांना १९३५ साली आपला हिस्सा केवळ दर्शनी किमतीला सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी त्यांना पकडून किस्लाउच्या छळछावणीत ठेवण्यात आले. पुढे ते अमेरिकेत गेले व अॅलन रॉबर्ट या नावाने राहिले. युद्धानंतर १९५० साली तडजोडीने त्यांना ५०,००० मार्क आणि एक मोटार मिळाली. हिस्सा परत मिळाला नाही. गांत्स ऑस्ट्रेलियात आणि रोझेनबेर्गर कॅलिफोर्नियात, दोघेही १९६७ साली निवर्तले. दरम्यान पोर्शे यांच्या आराखड्यानुसार निघालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळी छळछावण्यांतील कैद्यांना राबविले गेले, हेही इतिहासात नमूद आहे.

जर्मन वस्तू घरात आणावी की नाही, हा वाद आपल्यापैकी कित्येकांच्या घरी झाला असेल. १९५२च्या भरपाई कराराच्या वेळी इस्राएलात केवढे वादळ उठले होते, ते वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. याबाबत ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून निर्णय घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने हे यंत्र हाती घेतले त्याने त्याचा सारा वंशवृक्ष जाणून घ्यावा, आणि त्यातून जी पाने फाडली गेली तीही वाचावीत.

जागा, शेजारी आणि कायदा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जर्मनीत दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्याचा स्वतंत्र धंदा करावयाचा तर सामान्यतः त्या कारागिरीतील ‘माइस्टर’ ही पदवी लागते. स्वतःची गाडी स्वतः खोलण्यास मात्र अशी आडकाठी नाही. आडकाठी येते ती जागेची. भाड्याच्या घरातील गॅरेज हे करारानुसार गाडी उभी करण्यासाठी असते. तेथे महिनोन्‌महिने काम काढावयाचे तर घरमालकाची संमती आधी, लेखी, घ्यावी. अनेक राज्यांच्या नियमांनुसार लहान गॅरेजात २० लिटरपेक्षा अधिक पेट्रोल ठेवता येत नाही, आणि तेही बंद डब्यातच ठेवावे लागते. ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी बऱ्याच शहरांत तासाच्या भाड्याने गाडी उचलणारे यंत्र व हत्यारे देणाऱ्या कार्यशाळा आहेत. इंजिन उतरविण्यापुरती तेथे जागा घ्यावी आणि पुढचे बारीक काम घरी करावे, ही युक्ती पुष्कळजण वापरतात.

आवाजाचेही बंधन आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळावी लागते, आणि रविवार तर जर्मन संविधानानेच विश्रांतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आहे. शब्बाथ पाळणाऱ्या माणसाची येथे मौज होते. शनिवारी धर्म हातात पाना घेऊ देत नाही आणि रविवारी कायदा हातोडी मारू देत नाही! नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला मग आठवड्याच्या संध्याकाळीच उरतात. हे ध्यानात ठेवूनच कामाचा अंदाज बांधावा. सरावलेला कारागीर ज्या कामाला एक दिवस लावतो, त्याला घरी दोन-तीन आठवडे सहज लागतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तेलाविषयी दोन शब्द. कोकणात घाणा चालविणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’चे आपण वंशज, तेल सांडले की काय होते, ते आपल्याला कोणी शिकवावे असे नाही. या गाडीचे तेल इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत राहते, आणि ते दहा-बारा लिटर भरते. जर्मनीत ते जमिनीत वा गटारात ओतणे हा गंभीर गुन्हा आहे. १९८७पासून तेथील नियम असा की, तेल विकणाऱ्या दुकानदाराने विकले तेवढेच जुने तेल विनामूल्य परत घ्यावे. तेव्हा नव्या तेलाची पावती जपून ठेवावी.

गाडी उचलताना

या कामात माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि तो बहुतेक याच टप्प्यावर. म्हणून येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो.

मागची बाजू उचलली की मागची चाके अधांतरी होतात. हातब्रेक मागच्याच चाकांना असतो. म्हणजे त्याचा उपयोग संपला. गाडी गिअरमध्ये ठेवावी म्हटले तर तोही आधार मागच्या चाकांतूनच मिळणारा, आणि गिअरबॉक्स तर बाहेर निघणार. गाडीला जागेवर धरून ठेवणारी केवळ पुढची दोन चाके उरतात. त्यांना पुढून व मागून भक्कम लाकडी पाचरी लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये. जमीन सपाट व काँक्रीटची असावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे; गाडी लोखंडी स्टँडवर टेकल्याशिवाय तिच्याखाली बोटही घालू नये. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला बाजूने हात लावून हलवून पाहावे. हलली तर पुन्हा मांडावी.

आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. इंजिन व गिअरबॉक्स मिळून वजन सुमारे अडीचशे किलो, आणि ते सारे गाडीच्या मागच्या भागात. ते निघाले की गाडीचा तोल पुढच्या बाजूस जातो. इंजिन असताना स्थिर वाटलेली गाडी नंतरही तशीच स्थिर राहील, असे गृहीत धरू नये. कामाच्या वेळी दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असावेच असावे.

उतरविण्याचा क्रम साधारणपणे असा: प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. तेल गाळून घ्यावे. पेट्रोलच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडे बुचाने बंद करावीत. या वेळी गॅरेजात शेगडी, सिगारेट किंवा गॅसचा बंब पेटलेला नसावा आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. मग विजेच्या जोडण्या, प्रवेगकाचा दांडा, क्लचची तार, तेलाच्या नळ्या, गरम हवेच्या नळ्या, स्टार्टरची जाड तार. पुढच्या आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यकण्यावरील झाकणाखाली, गिअरच्या दांड्याचा सांधा असतो. तो आतून सोडवावा लागतो. दोन्ही बाजूंचे आस गिअरबॉक्सपासून अलग करावेत. शेवटी इंजिनाखाली जॅक देऊन भार तोलून धरावा आणि मागचे दोन व पुढचे दोन, असे चार बोल्ट काढावेत.

येथे घाई करू नये. जॅक चार बोटे खाली आणावा, थांबावे, आणि सभोवार दिवा फिरवून पाहावे. कोठे तरी एखादी तार अथवा नळी अडकलेली असतेच. गिअरबॉक्स व गाडीचा सांगाडा जोडणारी विजेची पट्टी तर हमखास विसरली जाते. तिला ओढून तोडण्यापेक्षा जॅक पुन्हा चार बोटे वर घेणे स्वस्त पडते. इंजिन जमिनीवर आले की गाडीची मागची कड साधारण पाऊण मीटर उंच करावी लागते, तेव्हाच ते खालून बाहेर सरकविता येते. ही उंची एकदम घेऊ नये. टप्प्याटप्प्याने, दर वेळी दोन्ही बाजूंचे स्टँड वाढवीत घ्यावी.

खोलणे आणि नोंद

उतरविण्याला हिंमत लागते, पण खोलण्याला हिशेब लागतो. या इंजिनात सहा सिलिंडर सुटे, सहा पिस्टन, कॅमशाफ्ट दोन, त्यांना फिरविणाऱ्या साखळ्या दोन, आणि क्रँकशाफ्टला धरणारी मुख्य बेअरिंगे आठ. एकमेकांसारखे दिसणारे हे भाग वापरामुळे आपापल्या जागी बसलेले असतात. तिसऱ्या जागेचा भाग पाचवीत घालून चालत नाही. म्हणून प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढल्यावर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा क्रमांक वहीत. काढलेला बोल्ट ज्या भोकातून आला तेथेच परत जाणार असेल, तर पुठ्ठ्यावर इंजिनाचे चित्र काढून त्यात बोल्ट टोचून ठेवण्याची रीत फार सोयीची. चार महिन्यांनी स्मरणशक्ती दगा देते, चिठ्ठी देत नाही.

प्रत्येक काळातील इंजिनाचे दुखणे वेगळे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७७पर्यंतच्या बहुतेक ९११ गाड्यांत इंजिनाचे मुख्य कवच मॅग्नेशियमचे होते. ही धातू हलकी खरी, पण उष्णतेने थकते. विशेषतः २.७ लिटरच्या इंजिनांत सिलिंडरला आवळून धरणारे लांब खिळे कवचातून आट्यांसकट उपटून येतात. मग तेथे पोलादी आट्यांची नवी बाही बसवावी लागते. त्यानंतरची कवचे अॅल्युमिनियमची आहेत. परंतु १९८०च्या दशकातील इंजिनांत खालच्या रांगेतील हेच लांब खिळे तुटण्याची तक्रार नेहमीची. धुराड्याजवळचे गंजलेले नट तर कोणत्याही साली सरळ निघत नाहीत. त्यांना उष्णता द्यावी, तेल मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावून तुटलेला एक खिळा पुढे तीन संध्याकाळी खातो.

सगळेच घरी करण्याचा हट्ट धरू नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. साफसफाई, मोजमाप, जुळणी ही कामे घरची. क्रँकशाफ्ट घासणे, व्हॉल्व्हच्या बैठका कापणे, कवचाची भोके सरळ करून घेणे ही कामे ज्याच्याकडे तशी यंत्रे आहेत त्याची. तेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो, आणि अंदाजाने चालणाऱ्या हाताला तेथे स्थान नाही. मूळ इंजिनाचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळत असेल तर गाडीचे मोल वाढते. कवच बिघडविले तर ते मोल कायमचे जाते.

जुळणी

जोडताना शत्रू एकच, धूळ. पुसण्याच्या फडक्याचा एक धागा तेलाच्या बारीक भोकात अडकला तर बेअरिंग जळते आणि साऱ्या हिवाळ्याचे कष्ट वाया जातात. कवचाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये कागदी गॅस्केट नसते. लेप लावून ते मिटवितात, आणि लेप धरण्यापूर्वी सारे बोल्ट योग्य क्रमाने, टॉर्क-पान्याने आवळावे लागतात. म्हणून त्या दिवशी सर्व वस्तू आधीच मांडून ठेवाव्यात आणि दूरध्वनी बंद करावा. पिस्टनचे दांडे धरणारे बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घालावेत. जुने वाचवून झालेली काटकसर इंजिनाच्या मोलाने फेडावी लागते.

कॅमशाफ्टच्या साखळ्या जुळविल्यावर इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. कोठे अडले तर तेथेच थांबावे; व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असतो, आणि जोर लावल्यास तो वाकतो. मग व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर ०.१० मिलिमीटर ठेवावे. गाडीत बसविल्यानंतर तेल भरावे, ठिणगी व पेट्रोल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे, आणि तेलाच्या दाबाचा काटा उठल्यावरच ते सुरू करावे. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल बदलून व्हॉल्व्ह पुन्हा तपासावेत.

शेवटी गाडीला दर दोन वर्षांची तपासणी असतेच. जर्मनीत तिला लोक सरसकट ‘ट्यूफ’ म्हणतात. या संस्थेचे मूळ मोटारीत नसून वाफेच्या बंबांत आहे. १८६५ साली मानहाइमच्या एका दारूभट्टीत बंब फुटला, आणि १८६६ साली कारखानदारांनी स्वतःहून बंबांच्या तपासणीची संस्था काढली. मनुष्य आपल्या कामावर दुसऱ्याची नजर आपण होऊन मागतो, ही गोष्ट शिकण्याजोगी आहे. घरी केलेल्या कामावरही, रस्त्यावर जाण्यापूर्वी, एखाद्या जाणत्याची नजर फिरवून घ्यावी. तीस वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली गाडी असेल तर १९९७पासून मिळणारी ‘एच’ अक्षराची पाटीही घेता येते. तिला वर्षाला १९१.७३ युरो एवढा एकच ठरलेला कर पडतो.

घरच्या मुलामुलींना या कामात घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गाडीखाली अर्थातच नव्हे. परंतु चिठ्ठ्या लिहिणे, भाग धुणे, वही ठेवणे यांसाठी त्यांच्यासारखे मदतनीस नाहीत. काम संपल्यावर ती वही फेकून देऊ नये. गाडीच्या कागदपत्रांबरोबर ती जपावी. तीत कोणता भाग कधी बदलला, कोणते माप किती निघाले याबरोबर आणखी एक पान असावे. कोणी जॅक उसना दिला, कोणी रात्री दिवा धरला, कोणी एक अवघड नट सोडवून दिला, त्या सर्वांची नावे त्या पानावर पूर्ण लिहावीत. यंत्र पुढे कोणाच्याही हाती जावो, ज्यांनी त्याला हात लावला त्यांचे नाव त्यातून निघू नये.